पळस काळा की पांढरा?

शिमग्याच्या सुमारास नागपूरहून रामटेककडे निघालं की बांधाबांधावर पळस फुललेला दिसतो. पळसाला पानं तीनच म्हणतात, पण या दिवसांत बहुतेक झाडांवर तीही नसतात. काळपट फांद्या, केशरी फुलं आणि मागे निळंभोर आकाश. फोटो काढून मोबाइलमध्ये कृष्णधवल केला, की फांद्या तेवढ्या उरतात आणि फुलं आकाशात मिसळून जातात.

असं का होतं, ते आकड्यांत पाहू. डिजिटल फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे 3 आकडे असतात, साधारणपणे 0 ते 255 मधले; आकडा जितका मोठा, तितका उजेड जास्त. आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश जास्त उजळ वाटतो. म्हणून फोटो कृष्णधवल करताना एका रूढ सूत्रात हिरव्याला 58.7 टक्के, लालला 29.9 टक्के आणि निळ्याला जेमतेम 11.4 टक्के वजन देतात. समजा, फुलाचे आकडे 230, 90, 30 आहेत आणि आकाशाचे 90, 140, 200. हिशेब केला तर फूल येतं 125 आणि आकाश 132. एवढ्याशा फरकाने फूल उठून दिसणार कसं?

आता फक्त लाल आकडा घ्या. फूल 230, आकाश 90: काळ्याशार आकाशावर पांढरीशुभ्र फुलं. फक्त निळा घेतला तर नेमकं उलट, उजळ आकाशावर काळी फुलं. दोन्ही फोटो खरेच. मला पहिला आवडतो, पण हा आवडीचा प्रश्न आहे.

फिल्मच्या काळात यासाठी लेन्सवर लाल काच लावत. डिजिटल कॅमेऱ्यात ती लावू नये. बहुतेक सेन्सरवर लाल टिपणारे ठिपके एकचतुर्थांशच असतात. काच लावली की बाकीचे जवळजवळ वाया जातात. त्यापेक्षा रंगीत रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्या आणि एडिटिंगमध्ये प्रत्येक रंगाचा स्लायडर वेगळा हलवा. नुसता कॉन्ट्रास्ट वाढवून इथे काहीच साधत नाही, कारण 125 आणि 132 शेजारीशेजारीच राहतात.

पावसाळ्यानंतर नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलात गेलात तर हीच लाल युक्ती अंगाशी येते. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे सगळी झाडी काळी ठिक्कर पडते. तिथे हिरवा आणि त्याहून जास्त पिवळा स्लायडर वर न्यावा. पानांच्या हिरव्यात पिवळा बराच असतो.

लांबच्या टेकड्यांवरची निळसर धूसरता लालमुळे कमी होते, कारण हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. मे महिन्यात मात्र ही आशा सोडा. धुळीचे कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात. रामटेकची टेकडी लांबून स्वच्छ हवी असेल तर पावसाची एखादी सर पडून जाऊ द्या.

फ्रेम ठरवताना कॅमेऱ्याचा स्क्रीन मोनोक्रोमवर, म्हणजे कृष्णधवलवर ठेवा. रॉ फाइलमध्ये रंग शाबूत राहतात. डोळे किलकिले करून पाहिलं तरी उजेड-सावलीचे मोठे आकार कळतात. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर संध्याकाळी रंगांची उधळण असते, पण उजेडाचा फरक बहुधा पाणी आणि समोरच्या काठाची काळी रेघ एवढाच. फ्रेम त्यावरच बांधावी.

आणि आकाश गडद करायला निळा स्लायडर खाली ओढताना फोटो मोठा करून बघा. आकाशात रवाळपणा आला किंवा फांद्यांच्या कडेने पांढरी रेघ उमटली, की थोडं मागे या.