कव्हर २० टक्के बदललं की पेटंट? खुलासा

बिलाच्या थर्मल प्रिंटरचं कव्हर २० टक्के बदललं की पेटंट मिळतं, दुसऱ्याचं पेटंटही आड येत नाही, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. भारतीय पेटंट कायद्यात असा टक्का कुठेच नाही.

पेटंट कार्यालयाचा परीक्षक दाव्याची (म्हणजे शोधात नेमकं काय आपलं, ते सांगणाऱ्या अर्जातल्या भागाची) वाक्यं फोडतो: बॉडीत थर्मल हेड (उष्णतेने छापणारा भाग), कव्हरला रबरी रोलर, मागे बिजागरी, बाजूला खटका. हे सगळं एकाच जुन्या दस्तऐवजात सापडलं तर नावीन्य संपलं. दोन दस्तऐवज जोडून त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचणारं असेल, तरी आक्षेप येतोच. खरी झुंज इथे. खटका एकाच बाजूला असला तर कव्हर किंचित पिळतं, रोलर हेडला समांतर बसत नाही आणि बिलाची एक कड फिकट उमटते. तुमची रचना हा पीळ कशी काढते, ते दाव्यात हवं. ‘आकर्षक कव्हर’ लिहून काही साधत नाही. परीक्षकाच्या आक्षेपांच्या पहिल्या तपासणी अहवालाला ६ महिन्यांत उत्तर द्यायचं, पण मूळ अर्जात नसलेला भाग तेव्हा घुसवता येत नाही.

दुसऱ्याच्या पेटंटच्या उल्लंघनाचंही तसंच: त्याच्या दाव्यातले सगळे घटक तुमच्या प्रिंटरात असतील, तर कोपरे गोल करून सुटका नाही.

नुसतं रूप नवं असेल तर डिझाइन कायदा, २००० आहे: १० वर्षं, वाढवून आणखी ५.