गावातलं पर्यटन आणि गावाचं पर्यटन: बुकिंगच्या आधी एक फोन करा

मे संपत आला की आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला मेसेज पडतो, काजवे बघायला कोण कोण येतंय, भंडारदरा साइडला, एक रात्र. यंदा दोन लिंक आल्या. दोन्हीत सारवलेलं अंगण, चुलीवरची भाकरी, वर "इको" लिहिलेलं, रेट पण उन्नीस-बीस. ग्रुपचं मत पडलं की दोन्ही एकच आहे, मग स्विमिंग पूल आहे ते घ्या.

एकच नाहीये हो. एक आहे गावातलं पर्यटन आणि दुसरं गावाचं. फोटोत फरक कळत नाही कारण अंगण आणि चूल दोन्हीकडे असते.

गावातलं म्हणजे जागा गावात, पण धंदा एकाचा, बऱ्याचदा मुंबई-पुणे-नाशिकवाल्या कुणाचा तरी. गावची माणसं असतात, पण वॉचमन, भांडी, झाडलोट, रोजावर. मी राहिलोय अशा एका ठिकाणी, छान होतं, खोटं कशाला बोला. सकाळी नाचणीची भाकरी थापणाऱ्या मावशींना सहज विचारलं तुमचं घर कुठं, तर त्यांनी पिठाच्या हातानंच कंपाउंडच्या पलीकडं दाखवलं, हे काय इथंच, आणि मग म्हणाल्या आज टँकर यायचाय, लवकर सुटायचंय. मागं पोरं पुलात उड्या मारत होती. नंतर त्या पुलात उतरायला मला जरा जडच गेलं.

गावाचं म्हणजे गावाची समिती असते, रेट सगळ्या घरांना एकच, आणि पाहुणे पाळीनं वाटले जातात, या वेळी या घरी तर पुढच्या वेळी त्या घरी. ही पाळी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती नसेल तर ज्याचं घर रस्त्याला, ज्याच्याकडे पक्का संडास नि स्मार्टफोन, त्याचीच चांदी होते आणि वरच्या वाडीतला नुसता गाड्यांची धूळ खातो. शिवाय कमाईतला थोडा हिस्सा गावाच्या फंडात जातो. अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी हे आपल्याकडचं याचं जुनं उदाहरण. लांबचं बघायचं तर लडाखमधलं रुंबक, हेमिस नॅशनल पार्कमधलं मोजक्या घरांचं गाव. हिमबिबट्या गोठ्यात शिरून मेंढ्या मारायचा म्हणून लोकांचा त्याच्यावर राग होता, मग 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिथं होमस्टे सुरू झाले, ते पण पाळीनं, पैसे बऱ्यापैकी घरच्या बाईच्या हातात, आणि ज्याच्यामुळे नुकसान व्हायचं तोच बिबट्या बघायला लोक पैसे मोजून यायला लागले.

दुसरा फरक, पाहुण्याला "नाही" कोण म्हणू शकतं. काजव्यांचंच घ्या. नर लुकलुकतो तो मादीला बोलवायला, त्यात आपण हेडलाइट नि फ्लॅश मारला की त्यांचं सगळं गणित चुकतं, आणि अंडी-अळ्या असतात खाली मातीत, तिथंच आपण हिरड्या-सादड्याच्या बुंध्याशी सेल्फीला तुडवातुडवी करतो. रिसॉर्टवाल्याला रूम भरायच्या असतात, तो कशाला अडवेल. गावाला पुढच्या वर्षी पण काजवे हवे असतात. साताऱ्याजवळ कासच्या फुलांच्या पठारावर दिवसाला 3000 लोकांची मर्यादा घातली गेली आणि तिकडची व्यवस्था आसपासच्या गावांच्या समित्या बघतात, त्यामागचं कारण हेच, फुलं तुडवली गेली तर पुढच्या सीझनला दाखवणार काय. (येऊरच्या जंगलात आपण ठाणेकर वीकेंडला काय करतो, पाड्यातल्या लोकांना रात्री हॉर्न सोडून आपल्याकडून काय मिळतं, तो विषय वेगळा, नंतर भांडू.)

कृषी पर्यटन हे अजून तिसरंच, एखादा शेतकरी स्वतःच्या शेतात पाहुणे ठेवतो, राज्याचं त्यासाठी 2020 चं धोरण पण आहे. त्यात वाईट काही नाही, पैसा त्या शेतकऱ्याला मिळतो, फक्त त्याला गावाचं म्हणू नका.

आता गोची अशी की समिती नुसत्या कागदावर पण असू शकते, एकाच भावकीची. म्हणून मी फोनवर दोन-तीन गोष्टी विचारतो. कुणाच्या घरी राहायचं हे कोण ठरवतं, मागचे पाहुणे कुणाकडे होते, गावच्या फंडातून शेवटचं काय झालं. खरं असेल तर समोरचा पटापट सांगतो, टाकी दुरुस्त केली, शाळेला पत्रे टाकले असं काहीतरी. "सर तुम्ही या तर खरं" असं चालू झालं की समजून जायचं. आणि घासाघीस नको, पाळी दीड महिन्यानं एकदा येते, त्यात आपण दोनशे रुपये कमी करा म्हणायचं म्हणजे कमाल आहे.

तर यंदा मी दुसऱ्या लिंकवाल्या गावात फोन केला, शनिवारी चाळीस जण, बस करून येतो म्हटलं. काका म्हणाले शनिवार नाही, चाळीस पण नाही. मंगळवारी बारा या, गाडी शाळेपाशी लावा, तिथनं दिवे बंद करून चालत यायचं, आणि तो गाण्याचा डबा घरी ठेवा. ग्रुपवर टाकलंय. सध्या सात नावं आलीत, बाकीचे पूलवाल्याकडे चाललेत, पाच जागा आहेत अजून.