एका ३९ अंकी मूळ संख्येची पार्श्वभूमी

२ च्या १२७ व्या घातातून १ वजा केला की १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही संख्या मिळते. ती मूळ आहे हे फ्रेंच गणिती एदुआर ल्युका यांनी १८७६ साली दाखवले आणि १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत तीच सर्वांत मोठी राहिली.

अशा संख्यांकडे लक्ष वेधले गेले ते परिपूर्ण संख्यांमुळे. ६ किंवा २८ प्रमाणे जी संख्या स्वतःखेरीज आपल्या सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी भरते ती परिपूर्ण. २ च्या घातापेक्षा १ ने लहान असलेली मूळ संख्या हाती आली की तिच्यापासून परिपूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडने सिद्ध केले होते. १६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूंनी २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी कोणते मूळ संख्या देतात याची यादी सिद्धतेविना प्रसिद्ध केली. तीत ६७ आणि २५७ चुकीने आले, ६१, ८९ आणि १०७ राहून गेले. १२७ मात्र बरोबर होता.

१७७२ साली ऑयलर यांनी घातांक ३१ ची संख्या, म्हणजे २ च्या ३१ व्या घातातून १ वजा करून मिळणारी २१४७४८३६४७, मूळ ठरवली. विभाजक कोणत्या रूपाचे असू शकतात हे आधी सिद्ध करून त्यांनी मोजक्याच संख्यांनी भागून पाहिले. परंतु ज्या संख्येचे वर्गमूळच २० अंकी आहे, तिच्यापुढे हा मार्ग खुंटतो.

ल्युका यांचे खरे मोठेपण असे की त्यांनी विभाजक शोधण्याचा नादच सोडला. त्यांची कसोटी घातांक ७ च्या संख्येवर, म्हणजे १२७ वर, हाताने करून पाहण्याजोगी आहे. ३ पासून आरंभ करावा, दर वेळी वर्ग करून २ वजा करावेत आणि १२७ ने भागून उरलेली बाकी घ्यावी: ३, ७, ४७, ४८, १६, ०. सहाव्या पदी शून्य आले, म्हणून १२७ मूळ. घातांक १२७ असेल तर हेच शून्य १२६ व्या पदी यावे लागते. शिवाय केवळ ० आणि १ या अंकांनी संख्या लिहिणाऱ्या द्विमान पद्धतीत येथे भागाकार करावाच लागत नाही. १२७ स्थानांपलीकडे गेलेले अंक उजवीकडे आणून मिळवले की काम भागते. याच विचाराने घातांक ६७ ची संख्या संयुक्त असल्याचे ल्युका यांनी तिचा एकही विभाजक न सांगता दाखवले. १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव फ्रँक कोल यांनी १९०३ साली मांडले.

१९३० च्या सुमारास डी. एच. लेहमर यांनी ४ पासून आरंभ होणारे, सर्व विषम मूळ घातांकांना लागू पडणारे रूप दिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, ४ कोटी १० लाखांहून अधिक अंकांची मूळ संख्या याच कसोटीने पक्की करण्यात आली.

२ पासून निघून प्रत्येक संख्येला २ चा घातांक मानून त्या घातातून १ वजा करत गेल्यास ३, ७, १२७ आणि नंतर ल्युका यांची संख्या मिळते, आणि या पाचही मूळ आहेत. सहावी मूळ आहे की नाही हा प्रश्न अनिर्णित आहे, कारण तिच्या अंकांची नुसती संख्याच ३८ अंकी भरते.