पाडेल्याच्या पोटातलं जाळं

"बाब, म्हज्या पोटांत जाळें घालपाचें म्हणटात. खंयचें? रापणीचें?" आमच्या कुळागरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत, नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्याने चहा पिता पिता मला विचारलं. (खंयचें म्हणजे कुठलं; रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं.) बेंबीच्या वर त्याला लिंबाएवढा फुगवटा आला होता. खोकला की वाढे, आडवा झाला की आत जाई. हर्निया, म्हणजे अंतर्गळ: पोटाच्या भिंतीला भोक पडतं, आतला भाग बाहेर डोकावतो, आणि शस्त्रक्रियेत त्या भोकावर जाळी बसवतात. घरच्यांनी आधी नाणं ठेवून वर कापड बांधून पाहिलं होतं. तान्ह्या मुलांच्या बेंबीवर हा उपाय 'लागू पडतो', कारण त्यांचा हर्निया बहुधा आपोआपच बुजतो आणि श्रेय नाणं घेऊन जातं. मोठ्या माणसाला ती सवलत नाही.

रापणीचा प्रश्न मात्र मला फार आवडला. पोट म्हणजे फुगा, भोक पडलं की ठिगळ लावा, ठिगळ जेवढं भक्कम तेवढं बरं, असं आपण धरून चालतो. हिशेब करून बघू. उडी मारताना किंवा जोरात खोकताना पोटातला दाब 150 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत, म्हणजे 20 किलोपास्कलपर्यंत जाऊ शकतो. पोट 32 सेंटिमीटर व्यासाचा गोळा मानला, तर दाब गुणिले त्रिज्या भागिले दोन: भिंतीच्या दर सेंटिमीटरला 16 न्यूटन. सेंटिमीटरभर रुंद पट्टीला तीन सोललेले नारळ टांगले, तर साधारण तेवढाच ताण येईल. जुन्या जाड जाळ्या याच्या काही पट सोसत. ताकद कमी पडत नव्हतीच.

अडचण दिशेची आहे. पोट गोळ्यापेक्षा पिंपाच्या जवळचं. पिंपाच्या भिंतीवर आडवा, घेराच्या दिशेचा ताण उभ्या ताणाच्या दुप्पट असतो. म्हणून तर तव्यावरचं सॉसेज नेहमी लांबीने उकलतं. छातीच्या हाडापासून खाली जांघेच्या हाडापर्यंत, शर्टाच्या बटणपट्टीसारखी जी पांढरी रेषा जाते, तिच्यातले कोलेजन या चिवट प्रथिनाचे तंतू आडवे आणि तिरके विणलेले आहेत. आडवी ती ताठ, उभी सैल. शिवाय हे तंतू काथ्यासारखे कुरळे. आधी नुसते सरळ होतात, जोर लागत नाही. सरळ झाले की मग एकदम अडून बसतात. जर्मनीत मृतदेहांवर मोजलं, तेव्हा त्याच 16 न्यूटनला पुरुषांची भिंत उभी सरासरी 23 टक्के ताणली, आडवी 15. आता रापणीचा चौकोन आठवा: एका बाजूने ओढला तर लांबतो, दुसऱ्या बाजूने आखडतो. शस्त्रक्रियेतल्या विणलेल्या जाळ्याही बहुतेक अशाच, एका दिशेने जास्त ताठ. ताठ बाजू उभी बसली तर पोट ताणायला बघतं, जाळी येत नाही, आणि कडेच्या टाक्यांवर भार येतो.

हे संगणकावर आधी बघता येतं. रे क्लो या अभियंत्याने 1960 मध्ये 'फायनाइट एलिमेंट' हे नाव दिलं ती पद्धत विमानांच्या पंखांच्या हिशेबातून आली. सीटी स्कॅनमधल्या पोटाचे हजारो छोटे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्यात साठणारी ऊर्जा तंतू किती लांबले याच्या घातांकी, म्हणजे झपाट्याने चढत जाणाऱ्या, फलनाने लिहायची, एका दिशेच्या तंतूंच्या प्रत्येक कुळाचा कोन वेगळा. आकारमान जवळपास स्थिर धरायचं, ऊर्जेचं विकलन केलं की ताण मिळतो, आणि ताण वाढेल तसा ताठरपणा बदलत असल्याने दाब थेंबाथेंबाने वाढवत पुन्हा पुन्हा सोडवायचं. (इथवर आलात तर पुढचं सोपं आहे.)

'तुमच्या पोटाचं डिजिटल जुळं', म्हणजे संगणकातली हुबेहूब प्रतिकृती, विकणाऱ्यांवर मात्र लगेच भाळू नका. स्कॅन माणूस आडवा असताना काढतात. तेव्हाही भिंत थोडी ताणलेलीच असते, त्यामुळे बिनताणाचा मूळ आकार उलट हिशेबाने शोधावा लागतो. स्नायू स्वतः आवळतात ते निराळंच, आणि पाडेली तर माडावर असतो.

जाळं महागच हवं असंही नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरलं, आणि 2016 मध्ये युगांडातल्या चाचणीत जांघेच्या हर्नियासाठी अशी जाळी वर्षभरानंतर महागड्या जाळीच्या बरोबरीने टिकलेली दिसली.

पाडेल्याला मी म्हटलं, "रापणीचें न्हय, पूण तशेंच." तो विचारात पडला. मग म्हणाला, "आनी खंयच्या वाटेन वडटा तें?" म्हणजे, कुठल्या दिशेने ओढतं?

ते डॉक्टरांना विचारायचं दोघांचंही राहून गेलं.