कॉम्प्रेसरच्या आधी मान होती

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याच्या एका हॉटेलात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. होता तो कर्णा. आवाजाच्या धक्क्याने पडदा हलायचा, सुई मेणात रेघ कोरायची. हळू गायलं तर रेघ नीट उमटत नसे, जोरात तान घेतली तर ती बिघडे. म्हणून त्या काळचे गायक खर्जात कर्ण्याजवळ सरकत आणि वरच्या सुरांना मान मागे घेत. आपण ज्याला माइक टेक्निक म्हणतो ते माइकपेक्षा जुनं आहे ते असं.

१९२५ मध्ये विजेवरचं मुद्रण आलं आणि कुजबुजही रेकॉर्डवर उतरू लागली. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक माइकशी जणू कानगोष्ट करू लागले. आपल्याकडे पुढच्या दशकात जी. एन. जोशी, गजाननराव वाटवे यांचं भावगीत बहरलं. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची त्याला गरजच नव्हती.

कॉम्प्रेसर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र, मात्र गायकांसाठी जन्मला नाही. रेडिओच्या ट्रान्समीटरमधून जाणारा आवाज वाढून फाटू नये, ही त्याची मूळ नोकरी. आधी ते काम इंजिनिअर नॉबवर बोटं ठेवून करत. १९३७ च्या वेस्टर्न इलेक्ट्रिक ११०ए ने ते आपोआप केलं. गायनाच्या मुद्रणात ज्याचं नाव आजही निघतं तो एलए-२ए नावाचा कॉम्प्रेसर साठच्या दशकातला. त्याची युक्ती मला फार आवडते: आवाज वाढला की आत एक पट्टी उजळते, समोरचा प्रकाशसंवेदी घटक तो उजेड पाहून आवाज दाबतो. पट्टी विझली तरी हा घटक लगेच पूर्ववत होत नाही, आधी झटकन आणि मग रेंगाळत सुटतो. म्हणून त्याचं दाबणं कानाला खुपत नाही. १९६७ मध्ये आलेला '११७६' नावाचा कॉम्प्रेसर ट्रान्झिस्टरचा, विजेसारखा चपळ. त्यावर ४:१ लावलं की ठरवलेल्या पातळीच्या वर गेलेल्या ४ डेसिबलांचा साधारण १ उरतो.

दाबल्यावर एकूण आवाज उचलावा लागतो, आणि तिथे फसगत होते. घरी एक अभंग मुद्रित करताना मी ८:१ लावून निर्धास्त झालो. ऐकलं तर दोन ओळींच्या मधे श्वास आणि छताचा पंखा गायकाइतकेच ठळक. 'पांडुरंग'मधला 'पां' तर थेट दणका, कारण माइक ओठांना चिकटलेला. दिशादर्शी माइक इतका जवळ आला की खर्जही फुगतो.

दुसऱ्या टेकला पंखा बंद केला, माइक वीतभर लांब आणि किंचित तिरका ठेवला. गायिकेला एवढंच सांगितलं, वर जाताना मान जरा मागे. आवाज किती दाबला ते दाखवणारा कॉम्प्रेसरचा काटा ३ डेसिबलच्या पुढे गेला नाही.