खडी क्रशर नावाचा गिअरबॉक्स

गाडी रिव्हर्सला टाकली की एक बारीक 'ऊंऽऽ' ऐकू येतो, पुढे जाताना मात्र नाही. बहुतेक मॅन्युअल गाड्यांत पुढच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, रिव्हर्सचे सरळ. सरळ दाता समोरच्यावर अख्ख्या रुंदीनं एकदम आपटतो. तिरका दाता एका टोकाकडून भिडत जातो आणि तो सुटायच्या आत पुढच्यानं पकड घेतलेली असते. म्हणून शांतता.

ही शांतता फुकट नाही. तिरक्या दात्यांवर जोर आला की ते एकमेकांना शाफ्टच्या दिशेनं रेटतात. तो रेटा बेअरिंगना आणि गिअरबॉक्सच्या कवचाला सोसावा लागतो. इंजिन दांडगं असेल तर फारच. इंडियानातल्या मन्सी गावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यानं यावर सरळ उपाय काढला: पोलाद अधिक मजबूत घ्यायचं आणि दात्यांचा तिरकेपणा कमी करायचा. रेटा घटला, आवाज वाढला. या एम-२२ गिअरबॉक्सला लोकांनी नाव दिलं 'रॉक क्रशर', म्हणजे आपली खडी क्रशर. गंमत अशी की एम-२१ या शांत भावंडाचे गिअर रेशो (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेरीला इंजिनाच्या किती फेऱ्या) अगदी हेच होते, पहिला २.२०. वेगात फरक शून्य.

१९६९ ची शेवरले कॅमारो झेडएल-१ घ्या. सात लिटरचं, ब्लॉकसकट अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन; गाड्या बनल्या फक्त ६९. त्यातल्या ५० इलिनॉयमधल्या ला हार्प गावच्या फ्रेड गिब या एकाच डीलरनं ड्रॅग रेसिंग, म्हणजे उभ्या गाडीपासून सुरू होणारी सरळ रस्त्यावरची छोटी शर्यत, डोळ्यांसमोर ठेवून मागवल्या. नुसत्या इंजिनापायी किंमत चार हजार डॉलरहून जास्त चढली, गाड्या खपेनात आणि बऱ्याचशा त्याला कंपनीला परत कराव्या लागल्या. यात चार गिअरचा मन्सीचा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळे, किंवा तीन गिअरची टर्बो हायड्रामॅटिक ४०० ही ऑटोमॅटिक.

ऑटोमॅटिक म्हणजे रेसला नालायक, असं वाटेल. उलटं आहे. तिच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये पंख्यांसारखी दोन चाकं तेलात समोरासमोर फिरतात. गाडी उभी आणि इंजिन गरगरत असताना मधलं तिसरं चाक परतणारं तेल योग्य दिशेला वळवतं, त्यामुळे टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सुमारे दुप्पट होऊन पुढे जातो, तोही हिसका न देता. मॅन्युअलमध्ये क्लच जरा जोरात सोडला की टायर जागीच फिरतात, जरा हळू सोडला की इंजिन दबतं. वर प्रत्येक गिअर बदलताना ताकद क्षणभर तुटते. पाव मैलाच्या शर्यतीत हे क्षण महागात पडतात.

संग्राहकांचं गणित वेगळं. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी चार गिअरच्या मॅन्युअलमध्ये दोनच बनल्या; त्यातली एक २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. हातानं गिअर टाकायच्या मजेला मोल आहे, एवढंच मी म्हणेन.

एम-२२ वाली गाडी कधी ऐकायला मिळाली तर पहिल्या तीन गिअरना कान द्या. चौथा पडला की इंजिनाचा शाफ्ट थेट बाहेरच्या शाफ्टला जोडला जातो, दात्यांवरचा भार उतरतो आणि खडी क्रशर जवळजवळ गप्प होते.