स्प्रिंगमधली काडी आणि पिस्तुलाचा धक्का

बॉलपेन उघडून त्यातील बारीक स्प्रिंग बाहेर काढावी आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत धरून दाबून पाहावी. थोडी दाबली जाते न जाते तोच ती मधून एका बाजूला फुगते आणि टुणकन उडून टेबलाखाली जाते. तीच स्प्रिंग रिफिलवर चढवून दाबली, तर मात्र तिची वेटोळी मुकाट्याने एकमेकांवर बसत जातात. स्प्रिंगची लांबी तिच्या व्यासाच्या साधारण चौपटीहून अधिक झाली की ती दाबाखाली अशी वाकू पाहते, आणि म्हणून लांब, सडपातळ स्प्रिंगला आतून किंवा बाहेरून कशाचा तरी आधार द्यावा लागतो. स्वयंभरणी पिस्तुलात नळीच्या खाली जी स्प्रिंग असते, तिला हा आधार देणारी काडी म्हणजे गाइड रॉड. तिचे मूळ काम एवढेच. तरीही पिस्तुलाचे सुटे भाग बदलण्याची हौस असलेल्या नेमबाजांमध्ये या काडीला भलतेच महत्त्व आले आहे. मूळची प्लॅस्टिकची काडी काढून पोलादाची किंवा टंगस्टनची बसवली की धक्का कमी होतो, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण त्यासाठी सहसा दिले जाणारे कारण, म्हणजे चांगल्या काडीवरची स्प्रिंग धक्का शोषून घेते हे, चुकीचे आहे.

धक्का म्हणजे काय, येथूनच सुरुवात करावी लागेल. ९ मिलिमीटर पिस्तुलाची ८ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने बाहेर पडते, म्हणजे तिचा संवेग २.८ न्यूटन-सेकंद होतो. तिच्यामागून सुटणाऱ्या तप्त वायूंचा वाटा त्यात मिळवला की हा आकडा ३ च्या आसपास पोहोचतो. संवेग अक्षय्यतेच्या नियमानुसार तितकाच संवेग उलट दिशेने पिस्तुलाला मिळतो. भरलेल्या पिस्तुलाचे वजन ९०० ग्रॅम धरले, तर ते सेकंदाला ३.३ मीटर वेगाने हाताकडे येऊ पाहते आणि त्याची गतिज ऊर्जा ५ ज्यूल भरते. गोळीची ऊर्जा सुमारे ४९० ज्यूल असते. संवेग दोघांचा सारखा असूनही ऊर्जेची वाटणी इतकी विषम होते, ती वस्तुमानातील फरकामुळे. झाडणाऱ्याचा हात शाबूत राहतो तो याच विषमतेमुळे. येथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की हे ३ न्यूटन-सेकंद गोळी व दारू यांनी ठरवलेले असतात आणि कोणतीही स्प्रिंग, कोणतीही काडी त्यांतून काही वजा करू शकत नाही. नळीच्या तोंडाशी वायूंना वर किंवा मागे वळवणारी जाळी बसवली तर गोष्ट वेगळी, कारण तेथे बाहेर पडणाऱ्या वायूंची दिशाच बदलते. पिस्तुलाच्या पोटातील भागांना फक्त हा संवेग हातापर्यंत कधी आणि कोणत्या वाटेने पोहोचावा, एवढेच ठरवता येते.

आता तो कसा पोहोचतो ते पाहू. अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यांवरून घडलेल्या बहुतेक पिस्तुलांत, मग ते १९११ चे अमेरिकी लष्करी पिस्तूल असो की १९८२ मध्ये आलेले ऑस्ट्रियन ग्लॉक १७, गोळी सुटते त्या क्षणी नळी आणि स्लाइड (नळीवरचे, मागेपुढे सरकणारे धातूचे आवरण) एकमेकींत अडकलेल्या असतात आणि दोघी मिळून मागे सरकतात. गोळी नळीत असते तो काळ एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी असतो आणि तेवढ्यात ही जोडी जेमतेम २ मिलिमीटर मागे येते. हा हिशेब वेळ न मोजताही करता येतो: ८ ग्रॅमची गोळी पुढे सुमारे १०० मिलिमीटर जाते, तर ४५० ग्रॅमची जोडी मागे त्याच प्रमाणात कमी, म्हणजे १०० गुणिले ८ भागिले ४५० मिलिमीटर. त्यानंतर नळीची मागची बाजू खाली झुकते, कुलूप सुटते, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे धावते. वाटेत रिकामी पुंगळी बाहेर फेकते, स्प्रिंग दाबते, शेवटी फ्रेमवर, म्हणजे मूठ असलेल्या स्थिर सांगाड्यावर, आदळते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे परतताना मुठीतील मॅगझिनमधील (काडतुसांच्या पेटीतील) नवे काडतूस नळीत ढकलते.

स्प्रिंग धक्का शोषून घेते, या समजुतीची येथेच परीक्षा करता येते. सोपेपणासाठी घर्षण आणि कुलूप सुटल्यानंतर मागे राहणारे नळीचे वस्तुमान बाजूला ठेवू आणि संपूर्ण ४५० ग्रॅम मागे धावतात असे मानू. आरंभीचा वेग सेकंदाला सुमारे ६.७ मीटर आणि ऊर्जा १० ज्यूल निघते. स्प्रिंगचे बल सुरुवातीला ३५ न्यूटन व पूर्ण दाबल्यावर ७५ न्यूटन असेल आणि प्रवास ४५ मिलिमीटरचा असेल, तर तिच्यात साठणारी ऊर्जा सरासरी ५५ न्यूटन गुणिले ०.०४५ मीटर, म्हणजे २.५ ज्यूल. दहातील अडीच. संवेगाच्या भाषेत तर चित्र आणखी एकतर्फी दिसते: या सात-आठ सहस्रांश सेकंदांत स्प्रिंग फ्रेमकडे सुमारे ०.४ न्यूटन-सेकंद पोहोचवते आणि उरलेला बराचसा संवेग स्लाइड फ्रेमवर आदळते त्या क्षणी एकदम हातात उतरतो. वेगवान कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रणातही नळीचे तोंड गोळी सुटताना नव्हे, तर मुख्यतः स्लाइड मागे येऊन थडकल्यावर उसळताना दिसते, ते यामुळेच. गोळी तोपर्यंत केव्हाच निघून गेलेली असते. म्हणून धक्क्याची खरी अडचण झाडलेल्या गोळीला फारशी नसते. पुढच्या गोळीसाठी नळीवरची माशी (नेम धरण्याची पुढची खूण) पुन्हा लक्ष्यावर आणायला किती वेळ लागतो, तेथे ती जाणवते.

मग स्प्रिंग अधिक ताठ केली तर? ताठ स्प्रिंग वाटेत थोडा जास्त संवेग काढून घेते आणि शेवटचा आघात सौम्य करते, हे खरे. पण साठवलेली ऊर्जा ती परतीच्या प्रवासात स्लाइडला परत देते, स्लाइड पुढे जोराने बंद होते आणि नळीचे तोंड ठरलेल्या जागेच्या खाली दबते. वर उसळणे कमी झाले म्हणून समाधान मानावे तोवर खाली गोता खाण्याची नवी तक्रार उभी राहते. शिवाय स्लाइड पुरेशी मागे न गेल्यास पुंगळी बाहेर पडण्याच्या झरोक्यात उभी अडकते किंवा पुढचे काडतूस उचललेच जात नाही. उलट स्प्रिंग फार मऊ असेल, तर स्लाइड परतताना रेंगाळते, कधी कधी पूर्ण बंद होत नाही आणि फ्रेमवरचा मारही वाढतो. योग्य ताठपणा त्या पिस्तुलाच्या स्लाइडच्या वजनावर आणि वापरल्या जाणाऱ्या काडतुसाच्या जोरावर अवलंबून असतो. निर्मात्याने निवडलेली स्प्रिंग सौम्य व जोरदार अशा दोन्ही काडतुसांना सांभाळून घेणारी असते, म्हणून ती बहुधा कोणत्याच एका काडतुसासाठी सर्वोत्तम नसते. ज्याला आपण नेहमी एकच काडतूस वापरणार हे माहीत आहे, त्याला येथे थोडी सुधारणा करायला वाव आहे. ग्लॉकच्या २०१० मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत एकात एक अशा दोन स्प्रिंगा बसवल्या आहेत. प्रवासाच्या शेवटी दुसरी स्प्रिंग कामाला लागते आणि विरोध ऐन आघाताआधी वाढतो. झेल घेणारा खेळाडू हात मागे नेऊन चेंडू थांबवतो, त्यातलेच हे तत्त्व: संवेग तोच, पण त्याला थांबायला वेळ अधिक, म्हणून बल कमी.

काडीचा संबंध आला तो अजून फक्त आधारापुरता. त्या कामात प्लॅस्टिकची काडी वाटते तितकी कमी पडत नाही. ती गंजत नाही, हलकी असते, स्वस्त असते आणि थोडी लवचिक असल्याने वेड्यावाकड्या धक्क्यांना सामावून घेते. १९११ च्या मूळ पिस्तुलात तर पूर्ण लांबीची काडीच नव्हती, मागे एक आखूड खुंटी आणि पुढे स्प्रिंगवर टोपण एवढ्यावर भागत असे. पोलादी काडी अधिक सरळ राहते, तिच्यावर स्प्रिंग गुळगुळीत सरकते, हाताने स्लाइड ओढताना तो फरक कानालाही कळतो, पण म्हणून धक्का कमी होत नाही. काडी बदलण्याचा खरा परिणाम तिच्या वजनातून येतो आणि त्या वजनापेक्षाही ते कोठे आहे यातून.

समजा काडी ९ सेंटिमीटर लांब व ६ मिलिमीटर जाड आहे. तिचे घनफळ अडीच घन सेंटिमीटर होते. प्लॅस्टिकची असेल तर तिचे वजन साडेतीन ग्रॅमच्या घरात, पोलादाची असेल तर २० ग्रॅम आणि टंगस्टनच्या मिश्रधातूची असेल तर ४५ ग्रॅम. टंगस्टन हा नावानेच जड आहे. स्वीडिश भाषेत त्या शब्दाचा अर्थ जड दगड असाच आहे. स्पेनमधील एलुयार बंधूंनी १७८३ मध्ये तो प्रथम शुद्ध धातूच्या रूपात मिळवला. त्याची घनता पाण्याच्या सुमारे १९.३ पट, म्हणजे जवळजवळ सोन्याइतकी आहे. मात्र शुद्ध टंगस्टन ठिसूळ असतो आणि तो ३४२२ अंश सेल्सियसला वितळत असल्याने ओतकाम करणे परवडत नाही. म्हणून त्याची भुकटी निकेल, लोह यांसारख्या धातूंच्या भुकटीबरोबर दाबून भट्टीत भाजतात आणि पाण्याच्या १७ ते साडेअठरा पट घनतेचा, कापता-कोरता येण्याजोगा मिश्रधातू तयार होतो. सोन्याचा दांडा बसवला असता तरी वजनात फार मोठी भर पडली नसती, आणि सोने मऊ असल्याने तो वाकला असता.

प्लॅस्टिकऐवजी टंगस्टनची काडी बसवली की पिस्तुलात सुमारे ४२ ग्रॅमची भर पडते. एकूण वस्तुमान ९०० वरून ९४२ ग्रॅम, धक्क्याची ऊर्जा ५ वरून ४.८ ज्यूल, जेमतेम साडेचार टक्क्यांची घट. एवढ्यासाठी कोणी खटपट करावी, असे वाटणे साहजिक आहे. पण पिस्तूल नुसते मागे येत नाही, ते वर फिरते, कारण नळीची रेषा हाताच्या पकडीच्या काही सेंटिमीटर वर असते आणि मागे येणारा संवेग तेवढ्या अंतराच्या तरफेने मूठ फिरवतो. फिरण्याला होणारा विरोध केवळ वस्तुमानावर नव्हे, तर जडत्व आघूर्णावर अवलंबून असतो आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यापासून काडीचा मध्य १२ सेंटिमीटर पुढे धरला, तर ४२ ग्रॅम गुणिले १४४, म्हणजे सुमारे ६००० ग्रॅम-सेंटिमीटर वर्ग इतकी भर पडते. हेच ४२ ग्रॅम मुठीच्या आत, ४ सेंटिमीटर अंतरावर ठेवले असते तर भर पडली असती तिच्या नवव्या हिश्शाने. भरलेल्या पिस्तुलाचे वजन बेचक्यापासून सरासरी ७ सेंटिमीटरवर विखुरले आहे असे ढोबळमानाने मानले, तर त्याचे आघूर्ण सुमारे ४४ हजार येते. म्हणजे वस्तुमान पाच टक्क्यांहून कमी वाढले, तरी वर उसळण्याला होणारा विरोध मात्र १४ टक्क्यांच्या आसपास वाढला. प्रत्यक्षात हात आणि मनगटही पिस्तुलाबरोबर फिरत असल्याने हा फायदा याहून कमी होतो, पण अजिबात नाहीसा होत नाही. काडीचा दुसरा गुण असा की ती फ्रेमच्या बाजूची आहे, स्लाइडबरोबर मागेपुढे धावत नाही. त्यामुळे तिचे वजन वाढले तरी स्लाइडचा वेग आणि काडतुसे भरण्याची लय बिघडत नाही. हीच भर स्लाइडवर घातली असती, तर स्प्रिंगचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला असता.

या ४२ ग्रॅमची तुलना आणखी एका गोष्टीशी करण्याजोगी आहे. ९ मिलिमीटरचे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचे असते. मॅगझिनमध्ये अशी १७ असली, तर पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत पिस्तूल सुमारे २०० ग्रॅमने हलके होते आणि महागड्या काडीने घातलेले वजन साडेतीन गोळ्यांतच संपते. तरीही नळीचे तोंड शेवटी शेवटी बेफाम उसळू लागल्याचे फारसे जाणवत नाही, कारण काडतुसे मुठीत असतात, जेथे अंतराचा वर्ग लहान असतो.

अशी काडी निवडताना तिच्या टोकाची रचनाही पाहावी लागते. काही काड्यांना स्प्रिंग अडकवून ठेवणारे टोपण स्क्रूने बसवलेले असते आणि हजारो आघातांच्या कंपनांनी असा स्क्रू सैल होऊ शकतो; एकसंध, मूळ मापाची काडी त्या मानाने बिनघोर. काही स्पर्धांच्या नियमांत पिस्तुलाच्या वजनावर मर्यादा असते, तेथे ४२ ग्रॅम मोजावे लागतात. आणि काडी बदलताना बहुधा स्प्रिंगही नवी बसवली जाते, जुनी स्प्रिंग काही हजार गोळ्यांनंतर थकलेली असते. त्यामुळे जाणवलेल्या सुधारणेचे श्रेय काडीचे की ताज्या स्प्रिंगचे, हे सांगणे अवघड होते. पैसे मोजून आणलेल्या भागाने काहीतरी चांगले व्हावे अशी मनाची तयारीही तेथे असतेच. खात्री करायची असेल, तर स्प्रिंग तीच ठेवून दुसऱ्या कोणीतरी काडी बदलावी, कोणती बसवली ते नेमबाजाला सांगू नये, आणि आवाजावरून वेळ मोजणाऱ्या टाइमरने लागोपाठच्या दोन गोळ्यांमधील अंतर पन्नासेक वेळा नोंदवून मग दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवाव्यात.